शैलाकाकूंचा मरे कॉड

११ जून, बुधवार
सकाळी ताईचा फोन. आबांना अर्धांगवायूचा झटका. उजवी बाजू गेली, वाचा गेली. वसईला ॲडमिट. "तू ये," एवढंच म्हणाली.
कसा येऊ? इथे कायमचं राहायची, पीआरची फाइल बोटमालक डीनच्या नॉमिनेशनवर उभी. त्याची बोट सोडली की फाइल संपली. मासेमारी नको म्हणून अर्नाळ्याहून मेलबर्नला शिकायला आलो, आणि आता व्हिसा मागतोय तो फिशिंग गाइड म्हणून. आबा यावर किती हसले होते. घरी जाऊन चार वर्षं झाली.
डीनला सांगितलं. "सॉरी मेट." मग लगेच, "शनिवारचं बुकिंग तूच करतोयस ना?"

१४ जून, शनिवार
मलवाला तलाव. धुकं, बोटं बधिर. बोट पाण्यात सोडायच्या रॅम्पवर क्लायंट बघून उडालोच. मराठी बाई, साठीच्या, ग्लेन वेव्हर्लीहून. शैलाकाकू. बुकिंग नवऱ्याचं, जानेवारीत केलेलं. एप्रिलमध्ये ते गेले. मुलगा कॅन्सल कर म्हणत होता, या आल्याच. तो मोटेलवर कॉल घेत बसला.
काकू शाकाहारी. गळाला हात लावायची पहिलीच वेळ. दहा फेकीत ल्युअर, म्हणजे गळाचा खोटा मासा, तीनदा बुडालेल्या झाडांत अडकवला. म्हणाल्या, "चुकलंच माझं. परत ने मला." पुढचं झाड दिसत नव्हतं, नेणार कुठून? थर्मासमधला चहा प्यायलो. कितीतरी महिन्यांनी तोंडाने मराठी बोललो, आणि बोलता बोलता आबांचं सांगून बसलो.
काकू म्हणाल्या, "यांच्या वेळी मी हॉस्पिटलातून वीस मिनिटं आंघोळीला घरी आले होते. तेवढ्यात गेले. तू जा रे. पेपर काय, परत होतात."
डोकं सटकलं. "काकू, तुमचे झालेत पेपर."
क्लायंटशी असं बोललो. उठून जायला जागा नाही, सोळा फुटांची बोट. त्या तासभर फेकत राहिल्या, रागारागाने. पण फेक सुधारली.
अडीचच्या सुमाराला रॉड एकदम वाकला. काकू किंचाळल्या, "घे, तू घे!" मी हात पुढे केलाही. तर त्याच म्हणाल्या, "नको, थांब. सांग फक्त." टोक वर ठेवा, ओढतोय तोवर ओढू द्या, आता गुंडाळा. जाळ्यात मी घेतला. मरे कॉड, इथल्या गोड्या पाण्यातला सगळ्यात मोठा मासा. एकशे चार सेंटिमीटर. या सीझनचा बोटीवरचा सगळ्यात मोठा. लोक वर्षानुवर्षं येतात, रिकामे जातात.
हिरव्या ठिपक्यांवर तळहात ठेवून बसल्या. फोटो नको म्हणाल्या. पाण्यात धरून ठेवला, शेपटी हलल्यावर सोडला. मग मात्र खूप रडल्या. मी इंजिनाशी उगाच खुडबुड करत राहिलो.
उतरताना म्हणाल्या, "मी बोलायला नको होतं. पण बोलले ते खोटं नाही."
सॉरी म्हणायचं माझ्याकडून राहूनच गेलं.

१५ जून, रविवार
डीनकडे दोन आठवडे मागितले. तो शेडमध्ये ट्रेलरचं चाक बदलत होता, मान वर केली नाही. "सीझन संपल्यावर, मेट. आत्ता गेलास तर मला दुसरा माणूस बघावा लागेल. मग नॉमिनेशनही त्याचंच. नथिंग पर्सनल."
मी "नो वरीज" म्हणालो. का म्हणालो? परत येऊन बोट धुतली. दोनदा.
पीआरचा निकाल लागेपर्यंतच्या ब्रिजिंग व्हिसावर देश सोडून परत यायची परवानगी लागते. तिचा अर्ज मात्र टाकला.

१९ जून, गुरुवार
परवानगी आली. दुपारी जेट्टीवर उभ्याउभ्याच ईमेल वाचला. आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. इतके दिवस ताईला सांगायला एक कारण होतं.
ताईने फोन आबांच्या कानाला लावला. कॉडचं सांगितलं, केवढा होता, काकूंनी कसा ओढला. पलीकडून घशातला एक आवाज आला. ताई म्हणते हसले. मला तसं वाटलं नाही.
"येतोस ना?"
"सांगतो."
"कधी सांगणार?"
डीनचा मेसेज आलाय, शनिवारी दोन क्लायंट, सहाला रॅम्पवर. मुंबईचं विमान शुक्रवारी संध्याकाळी. ताई आणि डीन, दोघांपैकी कुणालाच अजून उत्तर दिलेलं नाही.