राहून गेलेला फर्मा

मी, वय सव्वीस, धंदा पुस्तकबांधणी, शिक्षण आठवीपर्यंत, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय माझी शेवटची इच्छा स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवतो. उद्या माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शंभरातले अठ्ठ्याण्णव चालत घरी जातात." तेव्हापासून मला उरलेल्या दोघांचीच काळजी लागली आहे.

१. बँकेतली शिल्लक आईची. तिने ती दुसऱ्या कोणाला न देता स्वतःच्या गुडघ्यांवर खर्च करावी.

२. सुया, मेण व कागदाची घडी दाबायची हाडाची पट्टी ताईला. तिचा हात माझ्यापेक्षा सफाईदार आहे. हे तिला तोंडावर कधी सांगितले नाही.

३. दाजी मला चारचौघांत "ससोबा" म्हणतात. तो राग सोडला. घाबरट मी आहेच. किती, ते पुढच्या कलमात.

४. तीन वर्षांपूर्वी वाचनालयातून एक जाडजूड पुस्तक नव्या बांधणीला आले. माणसाने चांगले कसे जगावे, याविषयी प्राचीन ग्रीकांचे विचार त्यात होते. सोळा पानांच्या घडीला आम्ही फर्मा म्हणतो. शिवण्याआधी फर्मे मोजायचे असतात. मी न मोजता शिवले. पुस्तक गेल्यावर एक फर्मा फळीखाली सापडला, तो मी लपवला. तक्रार आली तेव्हा पाने लावून देणाऱ्या जुळवणीकाकांवर ठपका आला. "माझीच नजर गेली असेल," म्हणत ते काम सोडून गेले. मी गप्प राहिलो.

तो फर्मा मी शेकडो वेळा वाचला आहे. त्यात म्हटले आहे की धैर्य कोणी जन्मताना घेऊन येत नाही. कारागिराचा हात कामानेच तयार होतो, तसा माणूस न्यायाने वागत वागत न्यायी होतो. माझी पहिली शिवण वाकडी होती. ती शिवून शिवूनच सरळ झाली. अडीच हजार वर्षांपूर्वी, समुद्रापलीकडे बसून, आमच्या टेबलावरची ही गोष्ट त्यांना कशी कळली? दर वेळी अंगावर काटा येतो.

हे कलम माझ्या मागे वाचावे, असे आधी लिहिले होते. मग उमगले, मेलेल्याला धैर्य लागतच नाही. ती ओळ खोडली, आज दुपारी काकांना बोलावले आणि मालकांसमोर सगळे वाचून दाखवले.

काका ओरडले, "गाढवा, तीन वर्षं मी चष्मे बदलतोय!"

मालक खाली बघत म्हणाले, "काका, मीही नीट चौकशी केली नाही. सोमवारपासून या."

"बघू." मग काका माझ्याकडे वळले. "एवढं काय लिहिलंय त्यात? वाच."

सोळाही पाने वाचली. मालकांनी कापायचे यंत्र बंद केले. काका म्हणाले, "म्हणजे त्या लोकांनाही हे जडच जात होतं की रे."

५. फर्मा वाचनालयाचा आहे. मी परतलो नाही, तर काकांनी तो पुस्तकात शिवून द्यावा.

ठिकाण : बांधणीखाना, खिडकीजवळचे टेबल
तारीख : शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी, दुपारी चार
लिहिणाऱ्याची सही : केली

साक्षीदार पहिला : मालक. समक्ष ऐकले. सही.

साक्षीदार दुसरा : जुळवणीकाका. सही करतो, पण कलम पाचला माझी हरकत नोंदवावी. ज्याचं काम त्यानं येऊन करावं.