उन्हाचा पट्टा

रविवार, दिवेलागणीची वेळ

माझ्या सुतारकामाच्या खोलीत भुसा ओढून घ्यायचं जुगाड अखेर जमलं. जुना व्हॅक्युम, वॉशिंग मशीनचा पाइप आणि रंगाची रिकामी बादली. सकाळी पाइप तुंबला आणि बादली हवेच्या ओढीनं चेपली. ओझरच्या कारखान्यात उभा जन्म विमानांचे भाग जोडले, आणि घरी बादली चेपतो मी!

दुपारी जाड बादली लावली. तासभर सागाची फळी कापली, एक कण उडाला नाही. तरी काहीतरी हरवल्यासारखं वाटत राहिलं. रोज पाचला खिडकीतून उन्हाचा सोनेरी पट्टा उतरतो. कटर बंद करून त्याच्याकडे बघत बसायचं, हे माझं सुख. आज तो पट्टा दिसेना. ढग आले असतील का?

तेवढ्यात सुमन चहा घेऊन आली. एरवी ती कप उंबऱ्यावर ठेवते आणि नाकाला पदर लावून, खोकत परत जाते. आज आत येऊन स्टुलावर बसली.

"किती छान ऊन येतं हो तुमच्या खोलीत!"

बघतो तर तिच्या मांडीवर ऊन होतंच. मग पट्टा?

बादलीचं झाकण उघडलं. आत भुसा, तसाच सोनेरी.

इतकी वर्षं मी ऊन म्हणून बघत बसलो, तो सुमनचा खोकला होता.