ताईची चप्पल

शुक्रवार, संध्याकाळ. जोगेश्वरी.

रोबोटचा क्लास आज बंद. ट्रस्टने पैसे थांबवले, सामान परत मागितलं. म्हणून माझा काळ्या पण खोलावा लागला. चाकांवरचा कुत्रा. आम्हाला शिकवणाऱ्या स्नेहाताईची चप्पल ओढून पळायचा. "पक्या, मेल्या, चप्पल दे!" रोजची बोंब. मग ती चप्पल कपाटात लपवायला लागली.

आज मात्र वर्गाच्या मधोमध काढून ठेवलेली. मुद्दाम! माझी ट्यूब पेटली तोवर काळ्याची चाकं, मोटर, सगळं खोक्यात गेलेलं.

"काय रे, आज मस्ती नाही?"

मी नुसते दात काढले. तिने जाऊन चप्पल घातली, हळूहळू.

मीच उचलून पळायला हवं होतं ना? एवढं साधं. मला सुचलंच नाही यार.