पाचवी मुलगी

५ सप्टेंबर, शनिवार

शी! स्पर्धेसाठी रंगवलेले पाय तीनदा धुऊनही तपकिरीच. मोजे पायाला चिकटवायचा गोंद, केसांचा फवारा आणि त्या कुरळ्या टोपातला मागच्या वर्षीचा घाम — सगळ्याचा मिळून एक वास झालाय आणि तो आमच्या गाडीत मुक्कामाला आलाय. आईला तो येतच नाही! म्हणते, नाक मुरडू नकोस, नाच.

आयरिश नाचांपैकी रीलमध्ये वरच्या पायरीवर गेले. जिगमध्ये वर गेले. हॉर्नपाइप मात्र मधल्या पायरीवर रुतून बसलंय. स्पर्धेत पहिला नंबर आल्याशिवाय वरची पायरी नाही, आणि वर्षभर माझं आपलं दुसरी, तिसरी, परत दुसरी.

आज नोरीनबाईंनी वर्गात सांगून टाकलं — ऑक्टोबरअखेरच्या हॅलोविनच्या आत जी हॉर्नपाइपमध्ये वर जाणार नाही, तिला मोठ्या मुलींच्या वर्गात जागा नाही. तिने मंगळवारी पिल्लावळीबरोबर यायचं. सांगताना बघत होत्या माझ्याकडे आणि नेसाकडे. आम्ही दोघीच उरलोय ना! त्या शेंबड्या पोरांत मी उभी राहणार नाही. त्यापेक्षा बूट समुद्रात फेकीन.

८ सप्टेंबर

नेसाचा मला राग येत नाही. किळस येते. घोटे असे वळवते की बघवत नाही. तिची आई शनिवार-रविवार वृद्धाश्रमात कामाला, म्हणून दर स्पर्धेला आमच्याच गाडीतून येते आणि मागे बसून अंड्याचं सँडविच खाते. काचा बंद असताना! वर आई तिला 'राणी' म्हणते. मला कधी म्हटल्याचं आठवत नाही. मी आपली नुसती डर्व्हला.

१२ सप्टेंबर, शनिवार

एनिसच्या स्पर्धेहून आत्ता आलो. मी पहिली आले. पहिली! आणि त्याचा काडीचा उपयोग नाही.

हॉर्नपाइपला पाचजणींची नावं होती. रांगेत उभं राहायची वेळ आली आणि नेसा बाजूला झाली. "घोटा दुखतोय," म्हणाली, माझ्याकडे न बघता. उरलेल्या चौघी नाचलो. मी बरी नाचले — खरंच बरी. पदक गळ्यात पडलं, आई रडली. मग टेबलामागच्या बाईने नकारार्थी मान हलवली. वरच्या पायरीवर जायचं तर निदान पाचजणी नाचलेल्या हव्यात. चौघींतल्या पहिलीला पदक मिळतं, पायरी नाही. खालच्या पायऱ्यांवर पोरींची ही गर्दी असते, तिथे हा नियम कधी आडवाच आला नव्हता. आई पांढरीफटक पडली. "असा कसा नियम?" एवढंच म्हणत राहिली.

आणि त्यानंतर नेसा बाईसाहेब! पाऊस आला तशा चिप्सचा पुडा घेऊन पार्किंगमधून धावत आल्या. धावत! घोटा म्हणे. पुड्यातलं व्हिनेगर माझ्या बाहीवर सांडलं. पदक मी मोज्यांच्या पिशवीत कोंबलं. तिथेच कुजू दे.

१३ सप्टेंबर

मुद्दाम केलं. मुद्दामच.

१९ सप्टेंबर

वर्ग सुटल्यावर नेसा शेजारी येऊन बसली. "अगं डर्व्हला, किलरशच्या स्पर्धेत मी नक्की नाचणार हं. काही झालं तरी." उपकारच की! मी बुटाचा पट्टा आवळत राहिले. किलरशची स्पर्धा हॅलोविनच्या आधीची शेवटची. तिच्यासाठीही शेवटची. म्हणून नाचणार, दुसरं काय!

२६ सप्टेंबर, शनिवार

आईचं काहीतरी बिनसलंय. नेसासाठी ब्रेड भाजते, लोणी लावून वेगळा बांधून देते. माझ्यादेखत! जिने माझं वाटोळं केलं तिला लोणी. मी तसं बोलूनही दाखवलं. आई बशा विसळत राहिली.

३ ऑक्टोबर

नोरीनबाई म्हणाल्या, डावा खांदा उचलतेस. "आणि तोंड असं का? व्हिनेगर प्यायल्यासारखं?" अख्खा वर्ग हसला. नेसा नाही हसली. तिचं ते न हसणंसुद्धा मला सहन होत नाही.

निघताना बाई कुणाला तरी सांगत होत्या, किलरशला पहिली नेसाच येणार. दार उघडं होतं.

१० ऑक्टोबर, शनिवार

केलं मी.

किलरशला पुन्हा पाचच नावं. मी सकाळीच यादी पाहिली आणि तेव्हाच ठरवलं. टोप चढवला, पाय रंगवले, सगळं केलं. आमची रांग लागली तेव्हा खाली बसले आणि म्हटलं, घोटा दुखतोय. शब्दाला शब्द तोच! नेसाच्या डोळ्यांत बघून म्हटलं. समजू दे.

तर ती गुडघ्यावर बसली. पिशवीतून पट्टी काढली, माझा मोजा उतरवला — गोंदाने कातडी ओढली गेली — आणि घोटा बांधायला लागली. हात गार होते तिचे.

मी म्हटलं, "चौघीच उरल्या. तुझं काय?"

"राहू दे. दुखऱ्या पायाने नको नाचूस," म्हणाली. "मी मंगळवारी पिल्लावळीबरोबर येईन."

मग गेली आणि नाचली. अकॉर्डियनवालासुद्धा तिच्या पायांकडे बघत वाजवत होता. पहिली आली. टेबलामागच्या बाईने मान हलवली. नेसाने पदक घेतलं, थँक्यू म्हणाली.

काय नाटकी मुलगी आहे! पट्टीसुद्धा बांधते! फिटंफाट झाली. मला आनंद व्हायला हवा होता. रात्री जेवण गेलं नाही. आईला संशय नको म्हणून लंगडते आहे.

११ ऑक्टोबर, रविवार

आई न्हाणीघरात टबाला लागलेला तपकिरी रंग घासत होती. माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "नेसाचं फार वाईट वाटतं गं. एनिसला मीच तिला म्हटलं होतं — राणी, आजच्या दिवस नाचू नकोस, घोटा दुखतो म्हण, डर्व्हलाला जाऊ दे पुढे. मला काय ठाऊक पाचजणी लागतात! तुला सांगू नकोस म्हटलं, तर पोरीने अवाक्षर काढलं नाही."

नाही कशी म्हणणार होती? गाडी आमची.

मग आईने विचारलं, सूज उतरली का?

पट्टी अजून पायाला आहे. सोडायला हात धजत नाही.