पहिल्या खुंटीवरचा सदरा

प्रिय सुफियान,

तुझा कारखाना पाहून आले. 'तुझा' असं मुद्दाम लिहिते आहे. नारपोलीत अजून सगळे अब्दुलसेठचा कारखानाच म्हणतात, पण दारावर तू लावलेली अक्षरं मोठी आहेत. होईल सवय.

शनिवारी शाळा लवकर सुटते, तेव्हा गेले. जे चांगलं आहे ते आधी लिहिते, नाहीतर म्हणशील की आपाला फक्त उणंच दिसतं. छपरातल्या काचा तू धुऊन काढल्यास. त्या काचांमधून आकाश दिसू शकतं हे मला माहीत नव्हतं. आपल्या वेळी त्यांच्यावर कापसाच्या तुसाचा थर असायचा आणि खाली येणारा उजेड पिठासारखा असायचा. आता जमिनीवर उन्हाचे पट्टे पडतात. गिलावा खरवडून वीट उघडी केलीस, तीही सुरेख दिसते. तेलाचे डाग तसेच ठेवून त्यांच्यावर काचेसारखं काहीतरी ओतलंस. अम्मी असती तर डोक्याला हात लावला असता. तिचा अर्धा जन्म तेच डाग अब्बांच्या पायजम्यावरून काढण्यात गेला.

दारात तुझा वॉचमन नामा होता. तो दापोड्याचा. त्याच्या भाताच्या शेतावर आता गोदाम उभं आहे आणि त्या गोदामातले कपडे फोटो काढायला तुझ्याकडे येतात, हे त्यानेच हसत हसत सांगितलं. मला म्हणाला, "ताई, आत जा, पन चहा मागू नको. इकडं चहाला पन इंग्लिश नाव हाय." उद्घाटन व्हायचंय, तरी आत खरोखरच एक मुलगी लूमला टेकून उभी होती आणि एकजण तिचे फोटो काढत होता. तिच्या अंगावरचा कपडा सुरतेचा होता. एवढं मला अजून कळतं.

भिंतीवर तू पाटी लावली आहेस की इथल्या भिंती बोलतात. सुफियान, त्या कारखान्यात कुणीही कधी बोललं नाही. लूम चालू असताना कानात तोंड घालून ओरडलं तरी ऐकू येत नसे. कारीगर तोंड मोठं उघडायचे, आवाज काढायचेच नाहीत, आणि समोरचा ओठ वाचायचा. उरलेलं हाताने. तुला हे माहीत असण्याचं कारण नाही. तुला दमा होता, अम्मीने तुला कारखान्याचा उंबरठा ओलांडू दिला नाही, आणि पुढे तू हॉस्टेलवर गेलास. डबा घेऊन मी जायची. म्हणून ती भाषा मला येते आणि तुला येत नाही.

त्या भाषेत मान हलवणं म्हणजे हो नव्हे. मान हलवली म्हणजे, तुझं तोंड हलताना दिसलं, हातातलं काम झालं की तुझ्याकडे येतो. हो म्हणायचं तर छातीवर हात ठेवायचा. कारखान्यातून घरी गेल्यावरही कुणाची ही सवय सुटत नसे आणि त्यावरून घराघरांत भांडणं होत. अम्मी म्हणायची, "निकाहाच्या वेळी या माणसाने मान हलवली का छातीवर हात ठेवला, ते काय मला आजतागायत कळलं नाय." अब्बा समोर बसून हे ओठांवरून वाचायचे आणि मान हलवायचे.

आता तुझा तो रविवार आठव. तू तुझ्याबरोबर काम करणाऱ्या हेमालीला घेऊन टेमघरच्या घरी आलास. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून कारखान्याचं काय करणार ते दाखवलंस. मी शाळेच्या परीक्षेच्या ड्युटीवर होते. हेमाली हुशार मुलगी आहे, पण भरभर बोलते आणि बोलताना तिचे ओठ जेमतेम हलतात. तू स्क्रीनकडे बघून बोलतोस. लूमच्या आवाजाने अब्बांचे कान कधीच गेलेत; त्यांनी तुम्हा दोघांकडे पाहिलं, चित्रांकडे पाहिलं, आणि मान हलवली. मग पुन्हा हलवली. तू मला स्टाफरूममध्ये फोन केलास, "आपा, अब्बा एकदम ओके आहेत." मला आनंद झाला. मी घरी आले तेव्हा अब्बाही आनंदात होते. दुसऱ्या दिवसापासून मशिदीबाहेरच्या बाकावर, दूधवाल्याला, रिक्षावाल्याला, ज्याला त्याला सांगत सुटले, "पोरगा कारखाना दुरुस्त करतोय. छप्पर गळत होतं ना." तू पत्रे लावून आतलं काम झाकलंस. अब्बांना वाटलं, काम मोठं आहे. तू कधी विचारलं नाहीस की या माणसाला एकही प्रश्न कसा पडत नाही.

खुंट्यांबद्दल मात्र तुझं कौतुक सगळे करतात. लूमचे मोडके धोटे अर्धे भिंतीत गाडून केलेल्या जुन्या खुंट्या, पोलादी टोकं बाहेर. प्रत्येकीवर तू वरून एकेक दिवा सोडलास. मासिकात त्यांचाच फोटो आला. खाली तू लिहिलंस, कामगारांच्या रोजच्या जगण्याच्या खुणा. त्या रोजच्या खुणा नव्हत्या. रोजचे कपडे कारीगर माळ्यावर ठेवायचे. खुंटीवर वस्तू लावायची ती मुलुखाला जाताना. गमछा, तसबीर, डब्याची पिशवी, काहीही. वस्तू खुंटीवर आहे तोवर त्याचे लूम त्याचे. अब्बा दुसऱ्या कुणाला ते चालवायला द्यायचे, पण सांगून द्यायचे की हे अमक्याचे आहेत. आणि ज्याला परत यायचं नसेल तो जाताना आपली वस्तू स्वतः काढून न्यायचा. सेठ, मी चाललो, असं तोंडावर सांगणं कुणालाच जमत नसे. अब्बा संध्याकाळी भिंतीकडे पाहायचे आणि त्यांना कळायचं. दुसऱ्याची वस्तू मात्र कुणी काढायची नाही. सेठनेही नाही.

अफजलभाईंचा आरसा तुला माहीत आहे. लाल प्लॅस्टिकच्या चौकटीचा, एका कोपऱ्यात तडकलेला. तो तुला आवडला, तू त्याच्या दोन्ही बाजूंना तसेच नवे आरसे करवून लावलेस आणि तेही तडकवून घेतलेस. अफजलभाईंचं गाव मऊ, तिकडे उत्तरेत. आपल्याकडे ते माझ्या शाळेच्या वयापासून होते. ओठांची भाषा मला त्यांनीच शिकवली, आणि माझं मराठी व्याकरण मी त्यांच्यावर घोटायची. लॉकडाऊनच्या उन्हाळ्यात भिसी, म्हणजे कारीगरांची खाणावळ, बंद पडली, जेवायचे वांधे झाले, तेव्हा बाकीच्यांबरोबर तेही निघाले. निघताना आरसा खुंटीला लावला आणि अब्बांकडे पाहून छातीवर हात ठेवला.

पुढे धंदा उठला नाही. लूम भंगारात गेले. कारीगर एकेक करून आले, आपापली वस्तू काढून घेऊन गेले. काहींनी 'तुम्हीच काढून टाका' असे निरोप पाठवले, ते अब्बांनी मानले नाहीत, स्वतः या म्हणाले, आणि माणसं आली. फक्त अफजलभाईंचे चार लूम अब्बांनी विकले नाहीत. भंगारवाला हसला. म्हणाला, "सेठ, ये चार का अचार डालोगे क्या?" अब्बांनी मान हलवली. मग कुलूप लावण्याआधी त्यांनी आपला खाकी सदरा पहिल्या खुंटीवर अडकवला. कारखान्यात पांढऱ्या कपड्यांवर चढवायचे तो. सेठची वस्तू खुंटीवर मी पहिल्यांदा पाहिली. तू त्यालाही दिवा लावलास आणि त्यावरचं कापसाचं तूस झडू नये म्हणून काहीतरी फवारून घेतलंस.

अफजलभाईंचा दर ईदला व्हिडिओ कॉल येतो. तो मी फक्त धरते. ते दोघं आवाज न काढता बोलतात. या वेळी ईद नसताना कॉल आला. त्यांच्या पुतण्याने त्यांना मोबाइलवर तुझे फोटो दाखवले होते. चकचकीत कारखाना, काचेतून ऊन, काळ्या रंगाने रंगवलेला त्यांचा लूम, भिंतीवर त्यांचा आरसा आणि आरशावर दिवा. त्यांना दुसरं काय वाटणार? सेठने कारखाना पुन्हा सुरू केला आणि आपली खुंटी राखली. एवढी राखली की वर दिवा लावला. फोनमध्ये ते रडत होते. मला म्हणाले, "बेटी, हमारा शीशा टंगा है अभी तक." मग अब्बांकडे वळून ओठांनी विचारलं, माझे साचे, माझे चारही लूम, आहेत? अब्बांनी छातीवर हात ठेवला.

मी अब्बांना ओरडून विचारलं, तुम्ही पाहिलेत का, नक्की काय झालंय तिथे? ते म्हणाले, "पोराने दुरुस्तीच केलीय ना. अफजल येतोय म्हणजे साच्यांना तेल घालून ठेवायला पायजे." शुक्रवारी नमाजनंतर ते तेलाचा डबा घेऊन रिक्षाने एकटेच नारपोलीला गेले. पुढचं मला नामाने सांगितलं. "बाबांना म्या अडवलं न्हाय, ताई. मालकाच्या बापाला कसा अडवू?" अब्बा आधी त्या काळ्या लूमपाशी गेले. वर काच बसवून तू त्याचं टेबल केलंस. त्याचा दांडा त्यांनी ओढून पाहिला, तो वेल्ड केलेला आहे. मग काउंटरपाशी गेले. वाकून खाली हात घातला आणि बराच वेळ लोखंड चाचपत राहिले. काउंटरच्या पायात दोन लूम कापून बसवलेत, हे त्यांना हातांनीच कळलं असणार. चौथा कुठे आहे ते त्यांनी शोधलं नाही. तो छताला टांगलाय हे मी शनिवारी पाहिलं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "अंकल, क्या लेंगे?" अब्बांनी मान हलवली. तिने कॉफी करून पुढ्यात ठेवली. ती त्यांनी घेतली नाही. मुलीने नामाला विचारलं, अंकल नाराज आहेत का. नामा म्हणाला, "त्यांना विचार, मला काय विचारतेस." पण तिने विचारलं नाही. तुझ्या घडवलेल्या जागेत सगळं सभ्य आहे.

तू वाईट माणूस नाहीस. तुला जुन्या इमारतीत जीव ओतता येतो असं मासिकात लिहिलंय आणि ते खोटं नाही. ती भिंत, ते छप्पर, ते डाग, सगळं तू वाचवलंस. एवढंच झालं की जे वाचवलंस ते कशासाठी होतं हे तू कुणाला विचारलं नाहीस, आणि जो सांगू शकत होता त्याच्याकडे तोंड करून बोलला नाहीस.

काल तुझा मेसेज आला. पहिल्या खुंटीवरचा 'पीस' गायब आहे, कॅमेऱ्यात अब्बा दिसतात, त्यांना बहुतेक लक्षात राहिलं नसेल, उद्घाटनाआधी तेवढा परत पाठव. म्हणून हे पत्र. सदरा हरवलेला नाही आणि परत येणार नाही. अब्बांना सगळं लक्षात आहे. सदरा त्यांचा होता, त्यांनी स्वतः काढला, त्याचा अर्थ मी वर लिहिलाय. तो घरी आहे, तुझ्या फवाऱ्याने इतका कडक झालाय की बाह्या दुमडत नाहीत. तरी ते घालून बसतात. आरशाला त्यांनी हात लावला नाही, कारण तो दुसऱ्याचा आहे. तूही लावू नकोस. अफजलभाई निघालेत, गाडीत बसल्याचा पुतण्याचा फोन आला. ते घरी येणार नाहीत, नेहमीसारखे पिशवी घेऊन थेट कारखान्यात येतील, तुझ्या उद्घाटनाच्या गर्दीतच येतील. अब्बांनी हात छातीवर ठेवला होता, पण साचे तू कापलेस, तेव्हा त्यांना तूच सांग. नामाला पाठवू नकोस. समोर उभा राहा आणि तोंड मोठं उघडून बोल, त्यांनाही आता ऐकू येत नाही. आणि अब्बांनी फीत कापावी असं तू लिहिलं होतंस. तुझं निमंत्रण मी त्यांना वाचून दाखवलं, शब्द न् शब्द, ओठ दिसतील असं. त्यांनी मान हलवली.

अजून तरी तुझीच,
शाहीन आपा