गिटार गेली, अनारसेही गेले

राजापेठ, अमरावती

ती. वच्छलाताईस,

पंजाबचा वाकून नमस्कार. (वाकण्याचं पुढे येईलच.) तुझे गुडघे कसे आहेत? मूर्तिजापूरच्या उन्हात अंगणात बसत जाऊ नकोस. इकडे तब्येत बरी आहे, बाकी काहीच बरं नाही. (पत्र लिहितो, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस.)

आमच्या 'धुरा' बँडची गाणी तुझ्या जावयांची, सागररावांची, अकोल्याची कंपनी काढते. कॉलेजची पोरं ती तोंडपाठ म्हणतात. तर नव्या गाण्यातली माझी गिटार कंपनीने कापली आणि तिथे डीजेचा ठोका बसवला. तोही गाण्याच्या किंचित मागे पडतो. लोकांना कळत नाही, मला झोप येत नाही. बँडने ठरवलं, गिटार परत घ्या, नाहीतर कंपनी सोडतो. सांगायला मला पाठवलं. आमचा ड्रमवाला अमोल म्हणाला, "दादा, नातं नोको काढजा. कडक बोलजा."

कडकच निघालो होतो. पण महिना धोंड्याचा, जावयाच्या दारात रिकाम्या हाताने कसं जायचं? अनारसे नेले. आपल्या रीतीप्रमाणे मामाने आधी भाचीच्या, म्हणजे आपल्या रागिणीच्या, मग जावयाच्या पाया पडायचं. पडलो. आता ज्याच्या पायावर नुकतंच डोकं ठेवलं त्याला उठून धमकी कशी द्यायची? "मामाजी, काही काम होतं काय?" सागररावांनी विचारलं. म्हटलं, सहज आलो. वर, अनारसे कमी पडले असं वाटून, पुढचं गाणंही त्यांनाच देऊन बसलो.

परतून सांगितलं, तर अमोल म्हणाला, "मंग आमी कोणाच्या पाया पडाव, दादा?" आणि ड्रम उचलून भातकुलीला घरी गेला. तालमीच्या खोलीला कुलूप आहे. मी रोज ते उघडून गिटारीच्या तारा जुळवतो. (त्या उतरलेल्या नसतात.)

तुझा धाकटा,
पंजाब

ता.क. खरं काम हे, की धोंडे घेऊन तू अकोल्याला जाशीलच. तेव्हा गिटारीचं सागररावांच्या कानावर घाल. सासूचं ते ऐकतात.

ता.क. २. पाकीट चिकटवताना रागिणीचा फोन आला. जावयांना काही बोलू नकोस. गिटार तुझ्या लेकीनेच कापायला लावली. म्हणे, "मामा, तुमी आमच्या घरी गिटार शिकून राहिले होते, तवा दहावीचा अभ्यास म्या कानात कापूस घालून केला. अजून ते ऐकलं का हात कापसाकडे जाते."

एकच विचारतो, ताई. तेव्हा तू दारात बसून ऐकायचीस. तुझ्याही कानात कापूस होता का?