बुंदीची दही-साखर

सुरुची,

बुंदीला घेऊन निघण्याआधी हे वाच. तू आंघोळीला गेलीस तेव्हा मी तिला चमचाभर दही-साखर चाटवली; मांजरच ती, लगेच फस्त केली. ऑपरेशनच्या आधी तिच्या पोटात काही जाता कामा नये, हे तू काल दोनदा बजावलं होतंस. माझ्या लक्षातही होतं. तरी हात गेला.

क्लिनिकमध्ये गेल्या गेल्या डॉक्टरांना सांग, लपवू नकोस. भुलीत उलटी झाली तर जिवावर बेतेल असं तूच म्हणाली होतीस. पुढची तारीख दिली तर घे. आई ऐकत नाही म्हणावं, खुशाल.

गाड्यांच्या नंबरप्लेटवरच्या चित्रांच्या स्पर्धेचं तुझं चित्र पाकिटात घालून मी कोपऱ्यावरच्या पोस्टात नेतेय, आज शेवटचा दिवस ना? नंबरप्लेटवर बुंदी काय ऐटीत बसवलीयस! सरकार या प्लेटा विकेल, त्या पैशांतून भटक्या मांजरांची नसबंदीची ऑपरेशनं होतील, पण आधी आपल्या घरातलीचं व्हायला हवं, म्हणत होतीस. नेमकं तेच मी अडवून ठेवलं.

तोंडावर सांगायचा धीर झाला नाही, म्हणून लिहून ठेवतेय.

दोन वर्षांपूर्वी मी तिकडे घरी असताना तू इथे परदेशात एकटीच टॅक्सी करून स्वतःच्या ऑपरेशनला गेलीस. मला कळवलंस ते घरी परत आल्यावर. आज दाराशी बुंदीचा पिंजरा तयार दिसला, आणि पुन्हा कुणाला तसंच, दही-साखरेवाचून, जाऊ देववेना.

आई